सात नंबरची रांग

विशाखाच्या मनगटावर लाल पट्टा बांधला, तेव्हा तिच्या सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो तब्येतीचा नव्हता.

"मंगळवारी तू बजारात गेलीच नाही म्हणत होती नं?"

"नाही गेले."

"मंग हे कोठून आलं?"

नर्सनं यंत्रातून निघालेली चिठ्ठी पुढे धरली. तिच्यावर आकडा होता, २.८. सासूबाईंनी, ज्योत्स्नाबाईंनी, ती दोन बोटांच्या चिमटीत धरली आणि आपल्या मुलाकडे, म्हणजे माझ्या जावयाकडे दिली. प्रणय चिठ्ठी घेऊन भिंतीवरच्या नकाशासमोर गेला. मी, विशाखाचा बाप, तिथेच उभा होतो आणि काही बोललो नाही. या हकीकतीत मी बराच वेळ काही बोलत नाही. वाचणाऱ्यानं तेवढं सोसावं.

हा प्रकार आमच्या गावच्या कॉलेजच्या हॉलमध्ये, शुक्रवारी सकाळी चालला होता. त्याआधीच्या मंगळवारी आठवडी बाजारात भंगाराचा एक ट्रक दहापासून तीनपर्यंत सपना लॉजच्या भिंतीला लागून उभा होता. मसाल्याला कीड लागू नये म्हणून त्याला किरण देणारा एक कारखाना बंद पडला होता, त्याचं लोखंड त्या ट्रकमध्ये होतं. लोखंडात बोटभर जाडीची एक नळी राहून गेली होती, आणि नळीत कोबाल्ट. गुरुवारी हायवेच्या नाक्यावर ट्रक पकडला गेला आणि दुपारपर्यंत मुंबईहून पथक आलं.

किरणांना वास नाही, रंग नाही, चटकाही लगेच बसत नाही. कोणाला किती लागले हे मागाहून शोधायची जागा एकच, रक्त. पूर्वी रक्तातल्या पेशी वाढवून सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं तपासत. किरणांनी तुटलेली गुणसूत्रं भलत्याच तुकड्यांना जाऊन चिकटतात. अशी किती सापडली त्यावरून मात्रा काढत. त्याला तीन दिवस लागत आणि जाणकार माणूस लागे. बाजाराला आलेली चार हजार माणसं तशी तपासणं अशक्य होतं. म्हणून ही नवी पेटी. बोटातलं थेंबभर रक्त घालायचं, अठरा मिनिटं थांबायचं. किरणांचा पहिला मार बसतो हाडांतल्या मज्जेवर, जिथं रक्त तयार होतं. मज्जा मंदावली की शरीर रक्तात एक प्रथिन सोडतं. ती मज्जेला दिलेली हाक असते, की पेशी कमी पडताहेत, पाठव. मार जेवढा मोठा तेवढी हाक मोठी. पेटी ती हाक मोजते, सोबत आणखी दोन-चार खुणा बघते, किती तास झाले ते विचारते आणि ग्रे नावाच्या मापात आकडा सांगते. एकच्या आत हिरवा पट्टा, दोनपर्यंत पिवळा, त्यावर लाल.

यात वाईट काही नव्हतं. वाईट होता तो नकाशा. लोकांना समजावं म्हणून पथकानं बाजाराचा नकाशा लावून ट्रकभोवती वर्तुळं काढली होती. कुठे किती वेळ उभं राहिल्यास किती मात्रा, ते लिहिलं होतं. लोक स्वतःचा आकडा घेऊन वर्तुळ शोधत. मग शेजाऱ्याचा आकडा विचारून त्याचंही वर्तुळ शोधत. एका दिवसात गावाला कळलं की कोण मंगळवारी शेतावर गेलाच नव्हता, कोण उपास सोडून खानावळीत बसला होता.

२.८ म्हणजे ट्रकपासून पाच-सहा हातांवर, दोन तास. त्या वर्तुळात बंद पडलेलं एक सायकलचं दुकान होतं आणि सपना लॉज.

प्रणय नकाशासमोरून परत आला. चिठ्ठी त्यानं घडी घालून खिशात ठेवली. घरी जाताना तो आईला घेऊन पुढे निघाला आणि विशाखा मागून, एकटी चालली.

---

शनिवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. विशाखाला त्यांनी मोटारसायकलच्या टिनाच्या शेडमध्ये ठेवलं होतं. पाण्याचा गुंड वेगळा, ताट वेगळं.

"ईनबाई," मी ज्योत्स्नाबाईंना म्हणालो, "किरण लागलेल्या माणसातून दुसऱ्याला किरण लागत नाहीत. उन्हात बसून आलेल्या माणसाजवळ बसलं तर आपल्याला ऊन लागत नाही, तसं."

"तुमी पुस्तकं वाचता, इवाईबुवा. आमी माणसं वाचतो." त्या तांदूळ निवडत होत्या, मान वर केली नाही. "ऊन लागून आली का अजून काही करून आली, ते तिले विचारा."

प्रणय दारात उभा होता. वीज मंडळात कामाला आहे, मुलगा वाईट नाही. "मी लॉजवाल्याले रजिस्टर मागितलं बाबा," तो म्हणाला. "तो हसला माह्यावर."

मी शेडमध्ये गेलो. विशाखा पालथ्या बादलीवर बसली होती. तिच्या पिशवीतून हिरव्या झाकणाची पांढरी बाटली डोकावत होती. बाटलीवर कॅल्शियम लिहिलेलं होतं.

त्या बाटलीबद्दल सांगायलाच हवं. तिच्यात कॅल्शियम नाही. विशाखाला सिकल सेल आहे. रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, आणि दुखणं असं येतं की मोठं माणूस गुरासारखं ओरडतं. सातवीत असताना शाळेतल्या तपासणीत निघालं. तेव्हा अशा मुलांना लाल कार्ड देत. रोज एक कॅप्सूल घेतली की झटके येत नाहीत, आणि गेली अकरा वर्षं तिला एकही आला नव्हता. पण लाल कार्डाच्या मुलीला स्थळ येत नाही. म्हणून आम्ही कार्ड लपवलं. आमच्यासारखंच इतरांनीही लपवलं. सगळ्यांनी इतकं चांगलं लपवलं की तीन वर्षांपूर्वी आमचा जिल्हा सिकलमुक्त जाहीर झाला. त्यानंतर तपासणीचं सामान येणं बंद झालं. कॅप्सूल मात्र ग्रामीण रुग्णालयाच्या सात नंबरच्या खोलीत महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी मिळत राहिल्या, कॅल्शियमच्या बाटलीत.

तिथं नाव पुकारत नाहीत. टोकन दाखवायचं, बाटली घ्यायची. आणि त्या रांगेत कोणी कोणाला ओळखत नाही. बाहेर चौकात तोच माणूस समोर आला तर आपण रस्ता ओलांडायचा. हा नियम कोणी लिहिलेला नाही. मी तो अकरा वर्षं पाळला, आणि खरं सांगायचं तर सुखानं पाळला, कारण लोकांशी बोलायचा मला तसाही धाक वाटतो. लग्नानंतर विशाखाची बाटली मीच आणत होतो आणि जवसाच्या चटणीच्या डब्यासोबत तिला पोचवत होतो.

"विशू," मी हळू आवाजात म्हणालो, "तुला किरण लागलेलेच नाहीत. ही कॅप्सूल मज्जेला आवरून धरते. मज्जा मंद, म्हणून शरीर हाक मारतंय, आणि पेटी ती हाक ऐकतेय. मज्जा कोणी दाबली ते पेटीला कळत नाही. तिला शिकवलं ते परदेशातल्या लोकांच्या रक्तावर."

"असं असतं तर त्यांना सुचलं नसतं का? एवढे मोठे डॉक्टर."

मलाही आदल्या दिवशी पहिल्यांदा हेच वाटलं होतं. "त्यांनी फॉर्मवर औषधं विचारली होती. तू काय लिहिलंस?"

"‘नाही’ असंच लिहिलं. सगळेच ‘नाही’ असं लिहितात."

"आज लाल पट्ट्यांना मज्जा वाढवायचं इंजेक्शन देणार आहेत. नर्सच्या टेबलावर त्याचं पत्रक होतं, ते मी वाचलं. सिकलवाल्याला ते दिलं तर पांढऱ्या पेशी एकदम वाढतात, नसा तुंबतात. माणूस जाऊ शकतो."

तिनं मनगटावरचा पट्टा फिरवून पाहिला. "हा पट्टा चार महिन्यांत निघेल म्हणतात. ते कार्ड जन्मभर निघत नाही, बाबा."

"आणि लॉजचं काय सांगशील?"

"सांगीन गेले होते. माफ करेल नाहीतर नाही करणार. पण आजारी पोरगी गळ्यात बांधली हे कोणी माफ करत नाही. चौदा महिने झाले, लेकरू काऊन नाही म्हणून रोज ऐकते. मग त्याचंही उत्तर त्यांना सापडेल."

"तू मरशील."

"पक्कं माहीत आहे तुम्हाला?"

"वाचलंय."

"मी पक्कं विचारलं."

मला पक्कं म्हणता आलं नाही. आयुष्यात मला कशाबद्दलच ते म्हणता आलेलं नाही.

"मग गप राहा," ती म्हणाली. "आजवर राहिले तसे."

---

दुपारी अडीचला मी पथकाच्या प्रमुख डॉक्टर तन्वी काटदरे यांच्यासमोर उभा होतो. दोन दिवस त्या झोपल्या नसाव्यात. माझं बोलणं त्यांनी निम्मं ऐकलं.

"काका, फॉर्मवर औषधं नाही असं लिहिलंय. खाली तिची सही आहे. तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही. याच कॉलेजात ग्रंथपाल होतो, अठ्ठावीस वर्षं."

"या जिल्ह्यात सिकल नाही." त्यांनी हातातल्या टॅबचा पडदा माझ्याकडे वळवला. त्यावर घोषणापत्र होतं, मोहोरेसकट. "सकाळपासून चौदा जण येऊन गेले, कोणाचा ना कोणाचा आकडा खोटा आहे म्हणून. एका पुढाऱ्यालाही हिरवा पट्टा हवाय. तुम्हाला तुमच्या मुलीवरचा डाग पुसायचाय हे मला समजतं. कागद असेल तर आणा. तीनला पहिलं इंजेक्शन."

कागद होता. लाल कार्ड मी घरी ठेवलं नव्हतं. घरात पाहुणे येतात, पेट्या उघडल्या जातात. ते मी जिल्ह्याच्या पीक-आणेवारीच्या बांधीव अहवालांत ठेवलं होतं, सत्तावन्न सालच्या खंडात. माझ्या सगळ्या नोकरीत तो खंड कोणीही नेला नव्हता.

हॉलच्या पाठीमागेच ग्रंथालय. तिथं आता गोन्नाडे आहे. पूर्वी माझा सहायक होता, आणि मी त्याची बढती अडवली असा त्याचा समज आहे. तो समज अगदीच चुकीचा नाही.

"आणेवारीचे खंड?" तो म्हणाला. "रद्दीत काढले सर मी. तुमच्या काळातला कचरा होता बराच."

"गेले?"

"जातील सोमवारी. मागच्या व्हरांड्यात गठ्ठे आहेत. पाहा, वेळ असंल तर."

चाळीस गठ्ठे होते. सुतळीच्या गाठी माझ्या बोटांना सुटेनात, दातांनी सोडल्या. सत्तावन्न सालचा खंड सव्विसाव्या गठ्ठ्यात निघाला. कार्ड आत होतं, रंग विटलेला, पण सातवीतल्या विशाखाचा फोटो आणि शिक्का शाबूत. दोन वेण्या, डोळे मोठे केलेले.

"सुतळ्या परत बांधून ठेवजा सर," गोन्नाडे मागून म्हणाला.

हॉलमध्ये लाल पट्ट्यांच्या एकतीस खाटा दोन ओळींत मांडल्या होत्या. विशाखाची खाट चौथी. तिनं बाही वर केली होती आणि नर्स दंडावर कापूस फिरवत होती. सासूबाई आणि प्रणय दारापाशी, बाकीच्या नातेवाइकांबरोबर, लांब उभे होते.

"थांबा," मी म्हणालो. कोणी वळलं नाही. मग मी नर्सचा हात धरला. "माझ्या मुलीला सिकल आहे."

मी कार्ड पुढे केलं. डॉक्टरांनी कार्ड घेतलं, दोन्ही बाजूंनी वाचलं, फोटो आणि विशाखाचा चेहरा ताडून पाहिला आणि नर्सला मागे व्हायची खूण केली. त्यांच्या चेहऱ्यावरचा थकवा गेला नव्हता, पण त्याखाली भीती आली होती.

ज्योत्स्नाबाई खाटांच्या मधून चालत आल्या.

"इवाईबुवा, सोयरीक जुळवताना तुमाले मी सोताहून विचारलं होतं. पोरीले काही आजार तं नाही म्हणून."

"विचारलं होतं."

"बुद्धमूर्तीसमोर बसून विचारलं होतं."

"हो."

"काय म्हणले होते?"

"नाही म्हणालो होतो."

"ऐकलं का रे," त्या प्रणयकडे वळल्या. "लॉजमध्ये गेली असती तं परवडलं असतं."

विशाखा बाही खाली करत होती. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. "गप राहा म्हणाले होते तुम्हाला," एवढंच म्हणाली.

डॉक्टर मला बाजूला घेऊन गेल्या. सिकलच्या चाचणीचं सामान त्यांच्याकडे नव्हतं, आमच्या रुग्णालयातही नव्हतं. नागपूरहून उद्या दुपारपर्यंत येणार. ज्यांना खरंच किरण लागलेत त्यांचं इंजेक्शन आधीच उशिरा चाललंय, आणखी एक दिवस थांबवलं तर काही हातचे जातील. त्या सगळं भरभर बोलल्या आणि मग हॉलच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या.

"ही कॅप्सूल आणखी कोण घेतं? सिकल आणखी कोणाला आहे? ज्यांना आहे त्यांनी आज हे इंजेक्शन घेतलं तर जीव जाऊ शकतो. मी एकेकाला विचारते."

एकेकाला विचारलं. एकतिसांतल्या तिसांनी नाही म्हटलं.

मी खाटांकडे पाहिलं. मला माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत असं माझी बायको म्हणायची, पण ते खरं नव्हतं. मी फक्त ओळख दाखवत नसे. सातव्या खाटेवर सहकारी बँकेतल्या शेंडेबाई होत्या. दुसऱ्या बुधवारी त्या काळा चष्मा लावून येत. नवव्या आणि दहाव्या खाटेवर दोन भाऊ, एकच टोकन घेऊन आळीपाळीनं येणारे. चौदाव्यावर बसस्टँडचा शिंपी. एकोणिसाव्यावर आमच्याच कॉलेजचा एक जुना विद्यार्थी, आता तलाठी. तेही माझ्याकडे बघत होते. त्यांनी मला केव्हाच ओळखलं होतं, आणि त्यांच्या डोळ्यांत जे होतं त्याला विनंती म्हणता येणार नाही.

"सात," मी म्हणालो. "नऊ, दहा. चौदा. एकोणीस."

"काय सात?" डॉक्टरांनी विचारलं.

"हे बुधवारच्या रांगेत असतात. माझ्यासोबत."

शेंडेबाईंनी चेहरा ओढणीत झाकला. धाकटा भाऊ उठून माझ्या अंगावर आला, थोरल्यानं धरला. "या म्हाताऱ्याची पोरगी उघडी पडली तं साऱ्यांले उघडं पाडतो," शिंपी ओरडला आणि थुंकला. थुंकी माझ्या चपलेवर पडली. तलाठी मात्र हळूच म्हणाला, "सर, माझं पुढच्या महिन्यात लग्न आहे." मी पुढच्या खाटेकडे वळलो. डॉक्टरांनी पाच खाटांवर चिठ्ठ्या लावल्या.

मी तेविसाव्या खाटेपाशी आलो. चोवीस-पंचविशीची बाई, डोक्यावरून पदर, मान खाली. बाजूला तिची आई पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. दोन वर्षांपूर्वी रांगेत माझ्या पुढे एक बाई होती, डावा पाय ओढत चालणारी. सिकलनं खुब्याचं हाड झिजतं, चाल तशी होते. तिला मी पाठमोरीच पाहिली होती. ही त्याच बांध्याची होती. पण ही बसलेली होती.

"काय टकामका पाहता, बुढेबाबा?" तिचा नवरा दारातून म्हणाला. "आमच्या घरात असलं काही नाही."

तिच्या आईनं माझ्याकडे पाहिलं आणि पिशवी घट्ट धरली.

उठून चार पावलं चाला, एवढंच म्हणायचं होतं. पण परक्याची बायको, तिला चालायला सांगायचं, भर हॉलात. आणि चूक निघाली तर? जिला खरंच किरण लागलेत तिचं औषध माझ्यामुळे अडलं तर?

"आणखी कोणी?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

---

गुणसूत्रांचे जुने, सावकाश अहवाल मंगळवारी आले. विशाखाचं एकही गुणसूत्र तुटलेलं नव्हतं. त्या पाचांचंही नाही. सहाही जण ट्रकच्या जवळपास गेले नव्हते. तेविसाव्या खाटेवरच्या कुंदाचीही गुणसूत्रं शाबूत निघाली, पण ते कळायला ती नव्हती. इंजेक्शननंतर रविवारी संध्याकाळी तिला सिकलच्या कळा सुरू झाल्या आणि सोमवारी दुपारी ती गेली.

प्रणय विशाखाचे कपडे घेऊन आला. बॅग ओट्यावर ठेवली. "मंगळवारी ती घरीच होती, हे मले पटलं बाबा," तो म्हणाला.  मग त्यानं गाडीला किक मारली.

विशाखा आता माझ्याकडे असते. माझ्याशी कामापुरतं बोलते. चटणीत मीठ जास्त झालं, वगैरे. पेटीच्या फॉर्मवर आता नवा रकाना आहे म्हणतात. शिंपी माझे कपडे घेत नाही. तलाठ्याचं लग्न मोडलं. तो मला नमस्कार करतो, आणि शिंप्याच्या शिवीपेक्षा मला तो नमस्कार जास्त लागतो.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी मी सात नंबरसमोर उभा होतो. मनाशी ठरवून गेलो होतो की प्रत्येकाला नावानं हाक मारायची. शेंडेबाई, नमस्कार, म्हणालो. त्यांनी काळ्या चष्म्यातून खिडकीकडे पाहिलं. आणखी दोघांना हाक मारली. कोणी ओ दिली नाही. एक जण दात-ओठ खाऊन म्हणाला, "आता बास करा."

माझ्यापुढे कुंदाची आई होती, या रांगेत मी तिला पहिल्यांदाच पाहत होतो. तीच पिशवी. पाठ माझ्याकडे ठेवूनच ती बोलली.

"तुमी तेवीस नंबरपाशी थांबले होते."

"हो."

"ओळखलं होतं आमच्या कुंदीले?"

"एकदाच पाहिलं होतं, पाठमोरं. चालीवरून वाटलं. पण ती बसलेली होती. मला खात्री नव्हती, बाई."

रांग एक पाऊल पुढे सरकली. तीही सरकली.

"मले होती," ती म्हणाली. "मी बाजूलेच बसून होती."

रांग आणखी एकदा सरकली. तिची पाळी आली. खिडकीतून टोकनासाठी हात बाहेर आला. तिनं टोकन मुठीतच ठेवलं, खिडकीवर वाकली आणि रांगेच्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"रोशनी तुळशीराम मडावी. माही लहानी पोरगी. तिले सिकल आहे."